दोन वर्षांचा महाक्षत्रप

(नशिराबाद येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आज मी एका राजाबद्दल बोलणार आहे. त्याच्या नावाचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. त्याच्या दरबारातल्या कवीचं काव्य नाही, त्याने खोदलेलं तळं नाही. तरी तो होऊन गेला याबद्दल कुणाही अभ्यासकाच्या मनात शंका नाही, कारण त्याने चांदीची नाणी पाडली आणि त्यातली काही आपल्यापर्यंत पोचली. त्याचं नाव ईश्वरदत्त. पदवी महाक्षत्रप. नाण्यांवरून त्याच्या कारकिर्दीची दोनच वर्षं दिसतात, पहिलं आणि दुसरं. तिसरं नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी इथल्या पोरांना इतिहास शिकवला. म्हणून मला वाटलं, की आज इतिहास सांगण्याबरोबर तो शोधतात कसा हेही दाखवावं. आणि त्यासाठी शिवछत्रपतींसारखा लखलखीत पुराव्याचा विषय न घेता, ज्याचा सगळा पुरावा पंधरा मिलिमीटरच्या चकतीवर मावतो असा माणूस घ्यावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. पश्चिम क्षत्रप हे शकांचं राज्य. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुजरात, सौराष्ट्र, माळवा त्यांच्या ताब्यात होता आणि मधूनमधून त्यांचा हात सह्याद्रीपर्यंत, कोकणापर्यंत पोचत होता. पहिलं घराणं क्षहरातांचं, त्यातला नहपान आपल्याला नाशिकच्या लेण्यांमुळे माहीत आहे. दुसरं चष्टनाचं, ज्यात पुढे रुद्रदामन झाला. जुनागढच्या खडकावर त्याचा मोठा संस्कृत लेख आहे. या दुसऱ्या घराण्याची एक पद्धत लक्षात ठेवा, तिच्यावर पुढचा सगळा मुद्दा उभा आहे. वडीलधारा राजा तो महाक्षत्रप, त्याच्या हाताखालचा वारस तो क्षत्रप. दोघेही आपापल्या नावाने नाणी पाडत. महाक्षत्रप गेला की क्षत्रप वर चढायचा, आणि गादी बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे जायच्या आधी भावाभावांतून फिरायची.

खान्देश या राज्याच्या अगदी उंबऱ्यावर. ग्रीक खलाशाने लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं प्रवासवर्णन सांगतं, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथला माल गाड्यांनी भडोचला येतो. नकाशा उघडून बघा. पैठणहून निघालेली गाडी सातमाळा-अजिंठ्याची रांग उतरून गिरणा-तापीच्या खोऱ्यातूनच भडोचकडे वळणार. त्याच ग्रंथात भडोचच्या राजाचं नाव ‘नंबानस’ असं येतं, तो बहुधा नहपानच. आणि हेही येतं, की रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला नेली तर तिथल्या नाण्यांशी बदलून नफा होतो. म्हणजे आपल्या खोऱ्यातून त्या काळी केवळ बैलगाड्या जात नव्हत्या, नाणी जात होती. चांदी जात होती.

आता नाणं हातात घेऊ. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं क्षत्रपांचं चांदीचं नाणं वजनाला दोन ग्रॅमहून थोडं जास्त भरतं. पुढच्या बाजूला राजाचा चेहरा, तोंड उजवीकडे. मिशी, टपोरा डोळा, मानेवर उतरलेले केस, डोक्याला बसकी टोपी. कडेने ग्रीक अक्षरांसारखे फराटे दिसतात. नहपानाच्या काळी ती अक्षरं खरंच त्याचं नाव सांगत होती, पुढे ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येईनाशी झाली आणि नुसती नक्षी उरली. चेहऱ्याच्या मागे ब्राह्मी आकडे. मागची बाजू उलटा. मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याखाली पाण्यासारखी नागमोडी रेघ, डोंगराच्या डावीकडे चंद्रकोर, उजवीकडे सूर्य, आणि भोवती गोल फिरणारा ब्राह्मी लेख.

हा लेख म्हणजे राजाचा दाखलाच. उदाहरणार्थ रुद्रदामनाचा मुलगा रुद्रसिंह याच्या नाण्यावर असतं: ‘राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस’. आधी बापाची पदवी नि नाव, मग स्वतःची पदवी नि नाव. आणि चेहऱ्यामागचे आकडे शक संवताचे. शंभराची खूण वेगळी, पन्नासाची वेगळी, आठाची वेगळी. तिन्ही एकाखाली एक आल्या की १५८, म्हणजे त्यात ७८ मिळवले की इसवी सन २३६. प्राचीन भारतातल्या इतर कुठल्या राजघराण्याने आपल्या नाण्यांवर इतकी वर्षं इतक्या शिस्तीने बापाचं नाव आणि सालही दिलेलं नाही. या शिस्तीमुळेच त्यांची वंशावळ आपण जवळजवळ वर्षावार मांडू शकतो. मला या अनामिक ठसे कोरणाऱ्यांबद्दल मनापासून आदर आहे. बोटाच्या पेराएवढ्या जागेत त्यांनी तीनशे वर्षांची नोंदवही ठेवली.

या रांगेत एक नाणं असं येतं, की ज्याच्यावर लिहिलंय: ‘राज्ञो महाक्षत्रपस ईश्वरदत्तस वर्षे प्रथमे’. दुसऱ्या काही नाण्यांवर ‘वर्षे द्वितीये’. चेहरा क्षत्रपांच्याच धाटणीचा, डोंगर तोच, चंद्रसूर्य तेच, चांदी तीच. पण बापाचं नाव गायब. शक संवताचं सालही नाही, आपल्या राज्यारोहणापासूनचं वर्ष शब्दांत. आणि ईश्वरदत्त हे नावच त्या घराण्यातलं वाटत नाही. तिथे सगळे रुद्र, दाम, सिंह, सेन.

तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की माणूस उभा राहतो. त्याने टांकसाळ ताब्यात घेतली, बहुधा तिथलेच कारागीर, तिथलीच चांदी. पदवीही तीच उचलली, खालची क्षत्रप ही पायरी न चढता थेट महाक्षत्रप. पण ज्या घराण्याची गादी बळकावली त्याच्या बापजाद्यांचं नाव सांगायला तो तयार नव्हता, आणि त्या घराण्याने चालवलेलं सालही त्याला नको होतं. आपल्यापासून नवा हिशेब सुरू करायचा होता. तो हिशेब दोन वर्षांत मिटला.

असं नाणं झिजलेलं हाती आलं तर ओळखायचं कसं, हे इथल्या तरुण संग्राहकांसाठी थोडं तपशिलाने सांगतो. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा बहुधा मोठा असे, त्यामुळे लेखाचा काही भाग चकतीबाहेर राहतो. अक्षरांच्या डोक्यावरच्या वेलांट्या-मात्रा तर नेहमीच कापल्या जातात. म्हणून नावाच्या मागे धावू नका. आधी ‘पुत्रस’ सापडतं का पाहा. क्षत्रपांच्या बहुतेक नाण्यांवर ते सापडतंच. नाही सापडलं तर लेखाचा शेवट शोधा. ‘प्र’ या जोडाक्षरात प च्या पायाशी खाली वळलेली रकाराची शेपटी असते. ती ‘थ’ आणि ‘म’ च्या शेजारी दिसली तर हातातलं नाणं जपून खाली ठेवा आणि दोन दीर्घ श्वास घ्या. उजेड वरून नको, कडेने तिरपा हवा. संध्याकाळी खिडकीशी बसलात तर भिंग नसतानाही निम्मा लेख दिसतो. आणि वजन करा. ओतीव खोटं नाणं अनेकदा वजनात चुकतं, त्याच्या कडेवर साच्याची शिवण राहते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात. दोन नाण्यांवर एकसारखाच ओरखडा दिसला तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली आहेत हे समजून जा. दुर्मीळ राजाचं नाणं खोटं करण्यात पैसा आहे, नेहमीच्या राजाचं खोटं करण्यात नाही. म्हणून ईश्वरदत्त म्हणून विकायला आलेल्या नाण्याकडे दुप्पट संशयाने पाहिलं पाहिजे.

संशयाचीही मर्यादा असते, आणि त्याची एक गोष्ट रोमन जगातली आहे. तिसऱ्या शतकात रोमचं साम्राज्य खिळखिळं झालं होतं. सरहद्दीवरचे सेनापती उठत, सैन्य त्यांना सम्राट म्हणे, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तेच सैन्य त्यांना मारून टाकी. अशा प्रत्येकाने पहिलं काम काय केलं? नाणी पाडली. सैनिकाला पगार हवा आणि पगारावर नव्या धन्याचा चेहरा हवा. डॅन्यूबकाठी कार्नुंटम इथे रेगालियानस नावाचा असा एक जण सुमारे २६० साली उठला. त्याच्याकडे नव्या चकत्या करायला वेळ नव्हता, म्हणून त्याने जुन्या राजांच्या चांदीच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला. १९०० साली फ्रान्समध्ये एका नाण्यांच्या साठ्यात डोमिशियानस या नावाचं एक नाणं निघालं. सम्राट म्हणून हे नाव त्या काळात कुठल्या यादीत बसेना. एका डोमिशियानसाच्या बंडाचा पुसट उल्लेख जुन्या ग्रंथात होता, पण तेवढ्यावर कुणी भरवसा ठेवीना. नाणं बनावट ठरलं आणि शंभर वर्षं तसंच पडून राहिलं. मग २००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ चाल्ग्रोव्ह इथे शेतात एक मडकं सापडलं. सुमारे ५,००० नाणी, एकमेकांना चिकटलेली. ज्याला ते सापडलं त्या माणसाने ते तसंच्या तसं तज्ज्ञांच्या हवाली केलं. ब्रिटिश म्युझियममध्ये एकेक नाणं सुटं करताना त्यात डोमिशियानसाचं दुसरं नाणं मिळालं, आणि ते १९००च्या नाण्याच्याच ठशांनी पाडलेलं होतं. शंभर वर्षांच्या अंतराने, दोन देशांत, एका ठशाची दोन नाणी. सुमारे २७१ सालचा, काही दिवसांचा तो सम्राट त्या दिवशी इतिहासात परत आला.

ते मडकं कुणी फोडून, चांगली चांगली नाणी वेचून बाजारात नेली असती, तर ते दुसरं नाणंही पुन्हा बनावटच ठरलं असतं. नाण्याला किंमत त्याच्या चांदीमुळे येते, दुर्मिळतेमुळे येते. साक्ष मात्र येते ती सोबतच्या नाण्यांमुळे.

ईश्वरदत्ताच्या बाबतीत ही सोबतच आपल्याला कमी पडते आहे. त्याचा काळ कोणता, यावर सव्वाशे वर्षांहून जास्त वाद चालू आहे, आणि या वादातली माणसं सगळी मोठी आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे, पण हयात मुंबईत गेलेली. क्षत्रपांच्या नाण्यांचा पाया त्यांनी घातला. १८८८ साली ते वारले, त्यांचा लेख नाणेतज्ज्ञ रॅप्सनने संपादित करून १८९० साली छापला, आणि त्यांचा नाण्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमकडे गेला. भगवानलालांचं म्हणणं, ईश्वरदत्त म्हणजे २४९च्या सुमारास नवा संवत सुरू करणारा माणूस. रॅप्सनने १९०८ साली ब्रिटिश म्युझियमची सूची केली, तेव्हा चेहऱ्याची ठेवण पाहून वेगळं मत मांडलं. ईश्वरदत्ताचा चेहरा दामसेन आणि त्याच्या मुलांच्या नाण्यांवरच्या चेहऱ्यांशी जुळतो. दामसेनाचं महाक्षत्रप म्हणून शेवटचं साल शक १५८. त्यानंतर त्याचा मुलगा यशोदामन महाक्षत्रप म्हणून दिसेपर्यंत मध्ये महाक्षत्रपाचं नाणंच नाही, फक्त खालच्या क्षत्रपाची नाणी चालू आहेत. त्या रिकाम्या जागेत ईश्वरदत्त. म्हणजे इसवी सन २३६ ते २३९.

मग देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. १९११ साली बांसवाडा संस्थानातल्या सरवाणिया गावी क्षत्रपांची २,३९३ नाणी एकत्र सापडली होती, ती भांडारकरांनी तपासली. त्यांचं लक्ष दुसऱ्याच खिंडारावर गेलं. रुद्रसिंह शक १०३ पासून महाक्षत्रप आहे. ११० साली तो अचानक नुसता क्षत्रप म्हणून नाणी पाडतो, ११२ पर्यंत तसाच राहतो, आणि ११३ पासून पुन्हा महाक्षत्रप. राजा एकाएकी आपणहून खालच्या पायरीवर कशाला उतरेल? त्याच्या डोक्यावर कुणीतरी येऊन बसलं होतं. दोन वर्षं. भांडारकर म्हणाले, तोच ईश्वरदत्त, इसवी सन १८८ ते १९०.

मला भांडारकरांचा तर्क नेहमी मोह घालतो. त्यात नाट्य आहे, माणूस आहे, अपमान आहे. पण चेहरा रॅप्सनच्या बाजूने बोलतो, आणि नाण्यांच्या बाबतीत हाताची धाटणी सहसा खोटं बोलत नाही. पन्नास वर्षांच्या अंतरात ठसे कोरणाऱ्यांची पिढी बदलते, डोळा कोरण्याची तऱ्हा बदलते. म्हणून मी स्वतः रॅप्सनकडे झुकतो, आणि बहुतेक याद्यांत त्याचीच सालं छापली जातात. पण झुकणं आणि खूणगाठ बांधणं यात फरक आहे.

आता ज्याची तुम्ही वाट पाहत असाल तो प्रश्न. हा ईश्वरदत्त आभीर जमातीचा होता का? आणि आभीर म्हणजे आपल्या अहिराणी मुलखातला माणूस का?

पुरावा असा. सौराष्ट्रात गुंदा इथे शक १०३चा, म्हणजे इसवी सन १८१चा लेख आहे. रुद्रसिंहाच्या कारकिर्दीतला. त्यात बापकाचा मुलगा सेनापती रुद्रभूती याने तळं खोदल्याची नोंद आहे, आणि तो स्वतःला आभीर म्हणवतो. म्हणजे आभीर क्षत्रपांच्या सैन्यात वरच्या जागांवर होते. दुसरा पुरावा आपल्या शेजारचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात शिवदत्ताचा मुलगा, माढरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसे ठेवले, आणि ते ठेवले तेल गाळणाऱ्या, जलयंत्रं करणाऱ्या अशा कारागिरांच्या श्रेण्यांकडे, कायमची ठेव म्हणून. (या लेखावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. शक बाई, आभीर राजा, बौद्ध भिक्षू आणि नाशिकचे तेली, सगळे एका व्यवहारात.) महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी कलचुरी-चेदी संवताचा सखोल अभ्यास केला आणि तो संवत २४९ साली सुरू करण्याचा मान या ईश्वरसेनालाच दिला.

नावं बघा. शिवदत्त, ईश्वरसेन, ईश्वरदत्त. एका कुळातली वाटतात. म्हणून बहुतेक विद्वान ईश्वरदत्ताला आभीर मानतात. गंमत अशी, की दोन्ही लेख दोन्ही पक्षांना एकेक आधार देतात. गुंद्याचा लेख रुद्रसिंहाच्या पडझडीच्या सातच वर्षं आधीचा, तो भांडारकरांना जवळचा. नाशिकचा लेख २३९ नंतरच्या पिढीतला, तो रॅप्सनला जवळचा.

पण एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. ईश्वरदत्त हा खान्देशचा पहिला राजा, अहिरांचा आद्यपुरुष, अशी पाटी लावायची घाई करू नका. आभीर सिंधपासून सौराष्ट्रापर्यंत आणि माळव्यापासून नाशिकपर्यंत पसरले होते. अहिराणीचं नातं त्यांच्याशी जोडलं जातं आणि त्यात तथ्य असणारच, पण नाण्यावर राजधानीचं नाव नाही आणि टांकसाळीची खूण नाही. नाणं जे सांगतं तेवढंच ऐकायचं. अभिमानासाठी पुराव्यात भर घातली, तर पुढचा अभ्यासक आपलं खरं बोलणंही मानणार नाही.

आपल्या भागात नाण्यांनी इतिहास कसा फिरवला याचा सगळ्यात मोठा दाखला नाशिक जिल्ह्यातला जोगलटेंभीचा. १९०६ साली तिथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी निघाली. पाद्री स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला दिसला. असं एक नाणं तिरप्या उजेडात धरलं, की सातकर्णीच्या डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी वर येते. उलट्या बाजूला उज्जैनी चिन्हाच्या चार वर्तुळांखाली नहपानाचा बाण आणि वज्र अजून दिसतं. जिंकलेल्याने हरलेल्याचा चेहरा पूर्ण पुसला नाही, पुसायची गरजही नव्हती. बाजारात फिरणाऱ्या प्रत्येक माणसाने तो खालचा चेहरा बघावा, हेही त्याला हवं असेल. गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या लेखात क्षहरातांच्या उच्छेदाचा अभिमानाने उल्लेख आहे. पण लेखात आईचं कौतुक असतं. जोगलटेंभीच्या नऊ हजार नाण्यांत कौतुक नाही, हातोडा आहे.

काही जण विचारतात, गादी बळकावणारे अल्पकाळचे राजे आपल्या अगदी दारात कधी झाले का? झाले, आणि त्यांची नाणी आजही सराफाकडे येतात. औरंगजेब १७०७च्या मार्च महिन्यात अहमदनगरला वारला. त्याचा मुलगा आझमशाह याने तिथेच स्वतःला बादशहा जाहीर केलं आणि उत्तरेकडे निघाला. जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत तो पडला. या तीन-चार महिन्यांत त्याच्या नावाने बऱ्हाणपूरच्या टांकसाळीत रुपये पाडले गेले. रावेर ओलांडलं की बऱ्हाणपूर. याच मोहिमेच्या वाटेवर शाहूमहाराजांची सुटका झाली, आणि ते दक्षिणेकडे येताना आपल्या धुळे जिल्ह्यातल्या लांबकानीला त्यांचा मुक्काम पडला, तिथे त्यांना माणसं मिळाली. आझमशाहाच्या बऱ्हाणपुरी रुपयाची वंशावळ शोधावी लागत नाही, फारसी कागद ढिगाने आहेत. अशा नाण्याचं मोल भावनेचं. ईश्वरदत्ताच्या नाण्याचं मोल पुराव्याचं आहे.

मग ईश्वरदत्ताचा निकाल कशाने लागेल? हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण तो निकाल लावणारा हंडा याच खोऱ्यात कुठे पुरलेला असू शकतो.

पहिली शक्यता, ईश्वरदत्ताचं नाणं आधीच्या कुणाच्या नाण्यावर पुन्हा ठोकलेलं मिळावं. खाली दामसेनाचं अक्षर दिसलं तर भांडारकरांचा पक्ष त्या क्षणी संपला. दुसरी, शक ११५ किंवा १२०च्या सुमारास पुरलेला आणि पुन्हा कधी न उघडलेला साठा मिळावा, आणि त्यात ईश्वरदत्त असावा. मग रॅप्सन संपला. तिसरी जास्त संभवते. शक १७०च्या आसपास पुरलेला मोठा साठा, ज्यात रुद्रसिंहापासून यशोदामनानंतर आलेल्या विजयसेनापर्यंत सगळे आहेत आणि ईश्वरदत्ताची काही नाणी आहेत. मग झीज मोजायची. पन्नास वर्षं हातातून हातात फिरलेल्या नाण्याचं वजन कमी होतं, डोळ्याचा उंचवटा सपाट होतो, टोपीची कड जाते. साठ्यातल्या रुद्रसिंहाच्या नाण्यांइतकी ईश्वरदत्ताची नाणी झिजलेली असतील तर तो रुद्रसिंहाचा समकालीन. विजयसेनाच्या नाण्यांसारखी करकरीत असतील तर तो दामसेनानंतरचा. यासाठी भिंग आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा एवढं पुरे. पण साठा अख्खा हवा. आणि एकही नाणं घासलेलं नको.

इथेच माझी खरी विनंती आहे. तरसोदपासून पुढे फागण्यापर्यंत महामार्गासाठी जमीन उकरली गेली. वाघूरकाठी विहिरी खोल होतात, गावठाणात जुन्या घरांचे पाये निघतात, केळीच्या बागेत चर खणले जातात. जेसीबीच्या बादलीत मडकं आलं तर ते क्षणात फुटतं आणि पाच माणसांच्या खिशात जातं. चार दिवसांनी त्यातली चांदी जळगावात मोडीच्या भावाने तोलली जाते आणि आटते. आटलेल्या चांदीची साखळी होते. ती चांदी दोन ग्रॅमला किती आली? आणि आपण काय घालवलं?

भीती वाटते म्हणून लोक सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सरकार सगळं घेऊन जाईल, वर चौकशी लागेल. कायदा काय म्हणतो तो ऐका. १८७८चा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. तिचा कुणी हक्कदार निघाला नाही, तर सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाचा एक चतुर्थांश असा वाटा कायद्यातच लिहिला आहे. सरकारने स्वतःकडे ठेवायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेता येतं. लपवलं तर मात्र वाटाही जातो आणि शिक्षाही होते. या कायद्यातला मोबदला आजच्या बाजाराच्या मानाने तोकडा आहे. नाण्याच्या ऐतिहासिक मोलाचा त्यात विचारच नाही, आणि तो बदलला पाहिजे हे मी जाहीरपणे म्हणतो. सापडवणाऱ्याला बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम आणि संग्रहालयात त्याच्या नावाची पाटी मिळाली, तर निम्मी मडकी वाचतील. पण कायदा बदलेपर्यंत आजच्या कायद्यातही शेतकऱ्याचं नुकसान नाही.

आणि मडकं नसेल, घरातलीच जुनी नाणी असतील तर? आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातली चांदीची नाणी बाहेर निघतात, चिंच-रांगोळीने घासून लख्ख करतात, हळदीकुंकू वाहतात. पूजा जरूर करा. घासणं मात्र थांबवा. दरवर्षीच्या त्या घासण्यात लेख जातो, आणि लेख गेला की नाणं मुकं होतं. काळं पडलेलं असू द्या, हिरवट पुटं चढलेली असू द्या, पाण्याने धुवून मऊ कापडाने टिपलं तरी लक्ष्मी नाराज होणार नाही.

नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या संशोधनाची संस्था आहे. धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेलं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, राजवाडे ज्या हिमतीने दप्तरांसाठी गावोगाव पायी हिंडले त्याची ओळख तिथे होते. तरुणांनी ही दोन ठिकाणं पाहून घ्यावीत. ब्राह्मी शिकायला महिनाभर पुरतो. अक्षरं चाळिसेक, त्यातली बरीचशी आपल्या देवनागरीची थोरली भावंडं. शाळेत आठवी-नववीच्या मुलांना ती शिकवली तर खेळ म्हणून शिकतात, हे मी पाहिलं आहे. नशिराबादच्या शाळेत असा वर्ग सुरू होत असेल तर मी येऊन शिकवीन.

एक शेवटची सूचना करून थांबतो. आज श्रोत्यांत अनेक वयस्कर मंडळी आहेत, आणि खान्देशातल्या जुन्या घरांत कडीच्या डब्यात, कोनाड्यात, आजीच्या पिशवीत अशी चार-दोन नाणी असतातच. कार्यक्रमानंतर मी इथेच बसणार आहे. भिंग आणि काटा बरोबर आणला आहे. उद्या सकाळीही आठपासून दुपारपर्यंत असेन. ज्यांना दाखवायची असतील त्यांनी आणावीत. मी विकत घेत नाही, किंमतही सांगणार नाही. येताना फक्त एका कागदावर लिहून आणा: नाणं कुणाकडून आलं, कुठल्या गावाला, शक्य असेल तर कुठल्या शेतात किंवा कुठल्या भिंतीत मिळालं, आणि त्याच्या बरोबर आणखी काय होतं. आजी हयात असतील तर त्यांना आज रात्रीच विचारा. आणि नाणं घासू नका.